अहेरीला निघालेला पिझ्झा

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्या भेटीपासूनच आवडलो नाही, आणि यात त्यांची काही चूक होती असं मला आता वाटत नाही.

ते अहेरीचे, निवृत्त शाळामास्तर. कमी बोलणारे आणि पांढरेशुभ्र कपडे घालणारे. मी भद्रावतीच्या कारखान्यात नकाशे काढणारा, आणि नकाशापेक्षा तोंड जास्त चालवणारा. सुजातानं घरात भांडून माझ्याशी लग्न केलं. त्यानंतर वर्षभर सासऱ्यांनी आम्हाला बोलावलं नाही की दोन ओळी लिहिल्या नाहीत. मग चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सासूबाईंचं पोस्टकार्ड आलं: बुद्ध जयंतीला दोघंही जेवायला या, बाबा हो म्हणाले.

सुजाता ते कार्ड हातात धरून रडली. मी मात्र जेवणात काय असावं हे ठरवायला बसलो.

त्याला कारण होतं. मी नुकताच मुंबईहून सहा महिन्यांचं ट्रेनिंग करून आलो होतो. ट्रेनिंग कशाचं होतं ते लवकरच विसरलो, पण तिथल्या कँटीनचा आचारी पूर्वी जहाजावर होता. त्याच्याकडून मी वहीभर परदेशी पदार्थ उतरवून आणले होते. रशियाचं सॅलड, चीनचे नूडल्स, इटलीचा पिझ्झा. तेव्हापासून आमच्या ताटाकडे मी पाहणीला आलेल्या साहेबासारखा पाहत असे.

"आपल्याकडे चवी दोनच," मी सुजाताला सांगायचो. "तिखट आणि लय तिखट. ही अंबाडीची भाजी तर शिक्षा आहे, शिक्षा."

"मंग नका खाऊ," ती म्हणायची.

मी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. (तक्रार करायलाही अंगात ताकद लागते.)

पिझ्झा करणार असं मी जाहीर केलं, तेव्हा तिनं हात जोडले. "तिथं खीर-पुरी राहीन. मुकाट्यानं खा, जय भीम करा आन या. वर्षभरानं बाबानं बोलावलं हाये. हुशारी नका दाखवू."

पण तिचे बाबा जन्मात विसरणार नाहीत असं काहीतरी मला करायचं होतं. (ते साधलं.)

पीठ फुगवायचं खमीर मी चंद्रपूरच्या एका बेकरीतून आणलं. तिथल्या म्हाताऱ्या चाचांनी पुडी देताना बजावलं, "मई का महिना है बाबू. चुटकीभर डालना, बस."

नानखटाया भाजणारा माणूस मला इटली शिकवणार? वहीत चार चमचे लिहिलं होतं, मी चार चमचे टाकलं. वहीत असंही होतं की पीठ पाच तास मुरू द्यावं. भद्रावतीहून अहेरी गाठायला एसटीला तेवढाच वेळ लागतो. म्हणून सकाळी पाच किलो पीठ मळून मी कडीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात घट्ट बसवलं. असा बिनचूक हिशेब मी नोकरीतही कधी केला नव्हता.

चंद्रपूरला अहेरीची गाडी मिळाली. डबा वरच्या फळीवर ठेवला. बल्लारपूर सोडल्यावर वरून 'फस्स' असा आवाज आला.

"काय वाजलं?" सुजातानं विचारलं.

"टायर असेल," मी म्हणालो.

गोंडपिपरीच्या अलीकडे कडी निघाली. झाकण आपोआप उचललं गेलं आणि खालून एक पांढरा, गुबगुबीत लोळ डोकावला. त्यानं जरा इकडेतिकडे पाहिल्यासारखं केलं, आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्याच्या लाल फेट्यावर सावकाश उतरायला सुरुवात केली.

म्हाताऱ्यानं बोट लावलं आणि वर पाहिलं. "कोणाचं व्हय हे? जित्तं हाय काय?"

सुजाता खिडकीबाहेर बघू लागली. कंडक्टर आला. "भाऊ, हे काय व्हय?"

"पिझ्झा आहे. इटलीचा."

"तिकीट काढलं याचं?" त्यानं डब्याकडे शांतपणे पाहिलं. "आता अर्धं काढा. आलापल्लीवरून फुल लागन."

गाडीभर हशा पिकला. या अडाण्यांना काय कळतं, अशा नजरेनं मी सगळ्यांकडे पाहिलं. त्याच वेळी दुसरा लोळ माझ्या खांद्यावर पडला.

कंडक्टरनं गाडी थांबवून सांगितलं, "डबा टपावर जाईन, नाई तं खाली जाईन." डब्याला एकटं सोडायला मी तयार नव्हतो, म्हणून मीही टपावर गेलो. तो नको म्हणाला, पण एवढं शहाणपणाचं ऐकेन तर तो मी कसला?

वर मोहाची पोती, एक सायकल, भर दुपारचं ऊन आणि आम्ही दोघं. मी वरून दाबलं की पीठ बाजूनं यायचं, बाजू धरली की वरून यायचं. आष्टीपर्यंत ते माझ्या कोपरापर्यंत आलं होतं, आलापल्लीपर्यंत मिशीपर्यंत. नंतर गरम वारा लागून ते अंगावर वाळलं.

अहेरीच्या स्टँडवर सासरे स्वतः घ्यायला आले होते, सोबत चार नातेवाईक. सुजाता खाली उतरली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी बरोबर म्हणत होते."

सासऱ्यांनी टपाकडे पाहिलं. मी वरूनच "जय भीम बाबा" म्हणालो. बोलताना गालावरचं पीठ तडकलं.

"जय भीम," ते म्हणाले. वर्षभरातला मला मिळालेला तो पहिला शब्द. मग जवळ येत, "उतरता येते, का चिकटले?"

घरी सासूबाईंनी डब्यात उरलेलं पीठ हुंगलं. "आंबलं हाये. फेकाचं कायले?" त्यांनी त्याच्या पुऱ्या तळल्या. टम्म फुगल्या. सगळ्यांनी खिरीबरोबर खाल्ल्या, आणि त्या चांगल्या होत्या हे कबूल करणं मला भाग पडलं. नागपूरहून मागवलेलं चीज वितळून तेल झालं होतं. ते मांजरापुढे ठेवलं. मांजरानं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेलं.

"याले इटलीत काय म्हणते?" सासऱ्यांनी पुरी मोडत विचारलं.

"पिझ्झा."

"आमी पुरी म्हणतो. थे ताटात राहते, टपावर नाई बसत."

सुजाता हसली. तिच्या बाबांकडे पाहून हसली, आणि तेही हसले. त्या घरात एक वर्षानं हे घडत होतं, म्हणून मी माझा अपमान गिळला. पुरीबरोबर सहज गेला.

तेव्हापासून सासरे माझ्याशी बोलतात, भरपूर बोलतात. त्याच दिवशी जेवणानंतर शेजारचे एक गृहस्थ नवे जावई बघायला आले, तेव्हा मी अंगणात खाटेवर आडवा झालो होतो आणि सावली सरकून अंगावर ऊन आलं होतं. सासऱ्यांनी ओळख करून दिली.

"हे आमचे जावई. मानूस चांगला हाये. फक्त उन्हात ठेवाचं नाई, फुगतेत."

मी उठलो आणि मुकाट्यानं खाट कडुलिंबाच्या सावलीत ओढली.