विमलवडी डॉट इन

घाटंजीत विमलताईच्या हातच्या मुंगवडीचं नाव काढलं की माणसांच्या तोंडाला अजूनही पाणी सुटतं. मूग रात्रभर भिजवायचे, पाट्यावर जाडसर वाटायचे, लसूण-मिरची हात राखून घालायची, अन् वडी गच्चीवर कडक उन्हात वाळवायची. त्यात सोडा नाही की रंग नाही. पण या बाईची गोष्ट वडीची नाही, नावाची आहे. सांगताना माझं डोकं तापतं, ते आधीच सांगून ठेवतो.

मुलगी निकिता अमरावतीला शिकत होती. तिनं आईच्या वड्यांसाठी वेबसाइट काढायचं ठरवलं. डॉट कॉमवालं नाव कोणीतरी आधीच घेतलेलं. "डॉट इन घेऊ, आई. आपल्या देशाचं हाय, गिऱ्हाईकाले भरवसा वाटते," ती म्हणाली. मग विचारलं, "नोंद कोणाच्या नावानं करू? ज्याच्या नावानं नोंद, तोच मालक. मोबाइल, ईमेल, सगळं त्याचंच लागते."

विमलताई क्षणभरही थांबली नाही. "भाऊजीच्या नावानं कर. घरात मोठं माणूस असताना आपलं नाव पुढं कायले?"

या घरात ट्रॅक्टर वामनरावांच्या नावानं, विजेचं मीटर वामनरावांच्या नावानं. तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे घरातला शेवटचा शब्द. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन उभी राहायची, त्यांच्याशी थेट कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर नवऱ्याच्या, नाहीतर जाऊबाईच्या तोंडून. निकिता चिडली, पण आईपुढं पोरीचं काय चालतं? नोंद वामनरावांच्या नावानं झाली. मोबाइल त्यांचा, अन् तो मोबाइल हाताळायचा त्यांचा मुलगा पिंटू.

वडी पार पुण्यापर्यंत जाऊ लागली. मग पिंटूनं नेरच्या रस्त्यावर पापड-वडीचं मशीन टाकलं, अन् एक दिवस विमलताईच्या फोनवर ऑर्डरी यायच्याच बंद झाल्या. निकितानं साइट उघडून पाहिली. नाव तेच, विमलवडी. वर आईचा पदर घेतलेला फोटो तोच. फोन नंबर पिंटूचा, अन् माल मशीनचा.

काही दिवसांनी नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "विमलताई, वडीत सोडा घालता काय आता? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!"

"ते वडी माही नोहे, बाई," विमलताई म्हणाली.

"अहो, नाव तर तुमचंच आहे!" म्हणून बाईंनी फोन आपटला.

निकितानं हातपाय मारले. डॉट भारतवालं देवनागरी नाव तरी घेऊ म्हटलं, तर पिंटूनं तेही घेऊन ठेवलेलं. तक्रार करता येते, लवाद नेमतात, सगळं खरं. पण त्यानं ते लबाडीनं घेतलं हे दाखवावं लागतं, अन् इथं तर आपल्याच हातानं ताट वाढून दिलेलं. "मालकानं मनानं हो म्हटलं तर नाव तुह्या नावावर येते," निकिता म्हणाली. "दुसरा सोपा रस्ता नाई."

म्हणून विमलताई नवऱ्याला घेऊन भासऱ्यांच्या मोठ्या घरी गेली. वामनराव बैठकीत चहा पीत होते. सवयीनं तिनं जाऊबाईकडं, प्रभावतीकडं पाहिलं. मग काय झालं कोणास ठाऊक, तिनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवून सरळ भासऱ्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

"भाऊजी, माह्यं नाव मले वापस द्या. लोकं मले शिव्या देऊन राह्यले."

वामनरावांनी तिच्याकडं मानही वळवली नाही. बशीतला चहा संपवला अन् बायकोला म्हणाले, "तिले सांग, भासऱ्याशी तोंड वर करून बोलाची आपल्या घरात रीत नाई."

रीत! पोराच्या मशीनला भावजयीचं नाव चिकटवताना ही रीत कुठं शेण खायला गेली होती? पण हे माझं बोलणं झालं.

विमलताईनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्ही तरी बोला."

कमलाकर दारातल्या चपलांकडं पाहत होता. सभ्य माणूस, भावापुढं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही. तो हळूच म्हणाला, "जाऊ दे ना, विमल. नाव घरातच हाय ना!"

"घरात?" ती म्हणाली. "अन् मी कोणाच्या घरात हावो?"

प्रभावतीनं रिकामी कपबशी उचलली अन् आत गेली.