हरळीवर वीडर

परसात मी तण काढायचा पेट्रोलवरचा वीडर सुरू केला की त्या आवाजाने तीन गावांतली कुत्री डोंगर ओलांडतात. बायकोला मेथीसाठी वाफा हवा होता आणि तिथे हरळी माजलेली. घटकाभरात मी मातीचा रवा केला.

"अहो, हरळी वेचायची सोडून तुकडे केलेत," ही म्हणाली. "आता तुकडान् तुकडा रुजेल. खा मेथी."

खरंच होतं. मला स्वस्थ बसवतच नाही. मनात एखादी काळजी उगवली की तिच्यावरही मी असाच तुटून पडतो, आणि एकीच्या हजार करून ठेवतो.

ही खाली बसून पांढरी मुळं वेचू लागली. मीही बसलो. यंत्र केव्हाच बंद झालं होतं, पण हात अजून थरथरत होते. धरलेलं मूळ निसटत होतं.

"आधी हात थांबू द्या," ही म्हणाली, "मग वेचा."