डबे आहेत तिथेच

रिक्षा दारात उभी होती आणि मी मिरजेच्या घरात स्टुलावर चढून आईचे डबे लावत होते. श्रीकांत, माझा नवरा, बाहेरून हाका मारून थकला. सामानाचा ट्रक कोलकात्याच्या वाटेला लागला होता, आम्हाला फक्त गाडी गाठायची होती. तरी मी वरच्या फळीवरच्या डाळी खाली, खालचे रवा-पोहे वर, असं करतच होते. सुनंदा वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पाण्याची बाटली घेऊन दाराशी थांबल्या होत्या. आई बोलली.

"येताना पाहुणीसारखी येतेस आणि जाताना लेकीसारखी रडतेस. एकदा उलटं करून बघ की."

मी हसले, नेहमीप्रमाणे रडले आणि रिक्षात बसले. फळ्या झकास दिसत होत्या. आईसाठी काहीतरी करून निघाले, असं मनाला वाटलं आणि त्या समाधानावर नागपूर येईपर्यंत झोप लागली.

बँकेतल्या बदलीच्या माणसाशी संसार केलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या घरात फ्रीजचा मूळ खोका घडी करून पलंगाखाली असतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण घरमालक. रोप मोठं होऊ द्यायचं नाही, कारण ट्रक. आणि नव्या गावात पोचल्यावर एका दुपारात स्वयंपाकघर लावून संध्याकाळी पाहुण्यांना चहा द्यायचा. यात माझा हात कुणी धरणार नाही. कोलकात्यातल्या बेहाला भागात आम्ही राहायला आलो तेव्हा इथल्या चार मराठी घरांत माझी तीच ओळख झाली. कुणी नवं बदली होऊन आलं की म्हणायचे, उमाला बोलवा, तासाभरात घर उभं करते. मला ते फार आवडायचं.

मिरजेत आईजवळ वहिनी होत्या. आईची नजर अधू होत चालली होती, गुडघे गेले होते, रात्रीबेरात्री उठवणं होतं. दवाखाना, औषधं, पथ्य, चिडचिड, सगळं वहिनींच्या गळ्यात. मी फोन करायची आणि वर्षातून एकदा जाऊन फळ्या लावून यायची.

मुलगी शिकायला बंगळूरला गेली आणि दुपारी घर खायला उठलं, तेव्हा मी एमएसडब्ल्यूसाठी अर्ज केला. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण, दोन वर्षांचं. पन्नाशी जवळ आलेली. सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झाले त्याला इतकी वर्षं लोटली होती की गुणपत्रिकेची घडी उलगडताना ती मधोमध फाटली. अर्जात लिहायचं होतं, हेच क्षेत्र का निवडलं. मी समाजाचं ऋण वगैरे लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाचून लाज वाटली, म्हणून खोडून लिहिलं की म्हाताऱ्या माणसांबरोबर काम करायचं आहे. का, ते तेव्हाही लिहिलं नाही.

मुलाखतीत एका सरांनी विचारलं, बाई, तुमचं आयुष्य बदल्यांत गेलं, दोन वर्षं इथे राहाल कशावरून? मी म्हटलं, नवऱ्याची बदली झाली तर तो जाईल, मी राहीन. सगळे हसले. मीही हसले. असं काही माझ्या तोंडून निघेल हे मला माहीत नव्हतं.

मग फील्डवर्कची निवड आली. आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचं असतं आणि संस्था आपण पसंतीने सांगायची असते. माझ्या वर्गातली मुलं माझ्या लेकीच्या वयाची. कुणाला मुलांचे हक्क हवे होते, कुणाला मोठ्या कंपनीत जाता येईल असं काही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाणारी बागबाजारची संस्था कुणालाच नको होती. मी ती पहिली पसंती दिली. बेहालाहून बसने एस्प्लनेड, तिथून मेट्रोने श्यामबाजार आणि पुढे पायी. आमच्या मार्गदर्शक परमिता दी, इथे बाईंना नावापुढे दी लावतात, माझ्याहून बऱ्याच लहान. त्यांनी विचारलं, घराजवळच्या शाळेतलं काम सोडून इतकं लांब का? मला म्हातारी माणसं आवडतात, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

तिथे मला मासीमा, म्हणजे मावशी, मिळाल्या. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली, मुलगा परदेशात. कुठल्या गावची असं त्यांनी विचारलं, मी मिरज म्हटलं. नावावरून, बोलण्यावरून मराठी आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे बर्गी! बर्गी म्हणजे पूर्वी इथे लुटायला येणारे मराठे घोडेस्वार. त्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, तो इथेच बागबाजारातून सुरू व्हायचा. "आमच्या लहानपणी झोपलं नाही तर तुमचीच भीती घालायचे," असं म्हणून त्यांनी मला मुरमुरे दिले. माझी बांगला भाषा बाजारातली. भाव विचारता येतो, दुःख विचारता येत नाही. पण मासीमांना बोलायला माझी गरज नव्हती, ऐकायला होती.

तीनचार भेटी नीट झाल्या. मग एके सकाळी शेजारच्या बाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि जाताना म्हणाल्या, बसा, येतोच. मी बसले. स्वयंपाकघर समोर होतं. डाळीशेजारी साबण, साखरेशेजारी काडेपेटी, मोहरीचं तेल थेट खिडकीत. माझे हात शिवशिवायला लागले. त्या परत येईपर्यंत मी फळ्या पुसल्या, डबे उंचीप्रमाणे लावले आणि, हे लिहिताना अजून कानशिलं तापतात, प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून इंग्रजीत नाव लिहिलं. जिला दिसत नाही त्या बाईसाठी. त्या आल्या तेव्हा दमल्या होत्या, आल्या तशा आडव्या झाल्या. त्यांना सरप्राइज मिळेल अशा खुशीत मी घरी गेले.

पुढच्या भेटीआधीच परमिता दींनी मला ऑफिसात बोलावलं. मासीमांनी साखर चाचपताना गॅसवरचं पातेलं कलंडवलं होतं आणि मनगट भाजलं होतं. त्याआधी त्या नुसत्या मुरमुऱ्यांवर होत्या, कारण काही सापडत नव्हतं. संस्थेच्या लोकांचं म्हणणं होतं, या विद्यार्थिनीला दुसरीकडे पाठवा. मी रडायला लागले. परमिता दींनी रडू दिलं आणि मग विचारलं, "त्यांनी तुम्हाला आवरायला सांगितलं होतं?"

"नाही."

"मग कुणासाठी आवरलंत?"

मला उत्तर येत होतं.

माफी मागायला मी त्यांच्याबरोबर गेले. मासीमा मनगटाला पट्टी बांधून खुर्चीत बसल्या होत्या. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, "एवढा खंदक खणला, काय उपयोग? बर्गी शेवटी स्वयंपाकघरात घुसलेच." परमिता दींनाही हसू आवरलं नाही. मग मासीमा उठल्या, मला फळीसमोर उभं केलं आणि एकेक डबा परत लावून घेतला. काडेपेटी साखरेला चिकटून, कारण सकाळी आधी चहा. साबण डाळीशेजारी, कारण डाळ धुताना हात धुवायचे असतात. तेल खिडकीत, कारण तिथे हात उन्हाने गरम होतो आणि बाटली कुठे आहे ते कळतं. प्रत्येक ठिकाणी त्या माझा हात धरून तिथे नेत होत्या. मधेच म्हणाल्या, तुझं नाव उमा ना? आमच्याकडे दुर्गापूजेला उमा, म्हणजे देवीच, चार दिवस माहेरी येते. तिला कुणी फळ्या पुसायला लावत नाही. ती यावी, बसावी, जेवावी, एवढंच मागणं असतं.

त्यांनी मला ठेवून घेतलं. घरी परतताना बसमध्ये मला वहिनींचं जुनं बोलणं आठवलं. फोनवर एकदा हसत म्हणाल्या होत्या, उमाताई, तुम्ही गेल्यावर आम्ही दोन दिवस मीठ शोधतो. मी ते कौतुक समजले होते. आईची नजर तेव्हाच अधू झालेली होती. म्हणजे मी गेल्यावर आई फळीवर चाचपडत असणार आणि सगळे डबे पुन्हा जागेवर ठेवायचं काम वहिनींचं. वर्षभराच्या कामात माझी ती एक भर.

हिवाळ्यात श्रीकांतची बदली झाली, पुण्याला. सहा राज्यं हिंडून झाल्यावर मिरजेपासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. बातमी सांगायला फोन केला तर वहिनींचा आवाज लगेच बदलला. "आता तुम्ही जवळ येताय, उमाताई. मी जरा कंबर टेकते." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी त्यांना सांगितलं की विद्यापीठाचा नियम आहे, मध्येच सोडता येत नाही. आईलाही तेच, नातेवाइकांनाही तेच. सगळ्यांनी विद्यापीठाला नावं ठेवली.

असा नियम नाही. सोडून पुण्यात पुन्हा अर्ज करता आला असता, एक वर्ष वाया गेलं असतं इतकंच. मला सोडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बदलीचा आदेश माझ्यासाठी नव्हता, आणि मला कोलकात्यात राहायचं होतं. आई आजारी, वहिनी थकलेल्या, हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून मला राहायचं होतं. हे फोनवर सांगणं मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. श्रीकांतला मात्र खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, राहा, मला वरण-भात येतो. त्याला तो येत नाही, पण म्हणाला हे खरं.

पुढच्या वर्षाच्या फील्डवर्कची निवड नुकतीच झाली. सांगली-मिरजेच्या बाजूला एखादी संस्था मिळेल का, असं मी परमिता दींना विचारलं. फील्डवर्क तिथे, म्हणजे आईजवळ राहणंही होईल. त्या म्हणाल्या, "उमादी, अपराधी वाटतंय म्हणून कुणाच्या घरात शिरायचं नाही. ते धुवायचं तर स्वतःच्या सुट्टीत धुवा." मग मी बेहालातलंच काम मागितलं. अंथरुणाला खिळलेल्यांना घरी सांभाळणाऱ्या सुना, लेकी आणि बायका महिन्यातून काही वेळा एकत्र बसतात, त्या गटाबरोबरचं. तिथे आजारी माणसाबद्दल कमी बोलतात. सांभाळणारीला झोप लागते का, एवढं आधी विचारतात. मला मिळालं ते काम.

श्रीकांतचं सामान गेलं त्या दिवशी पलंगाखालचे सगळे खोके मी भंगारवाल्याला दिले. तो विचारत होता, फ्रीज विकलात का? मग घरमालकांना विचारून भिंतीला खिळा ठोकला आणि आईचा फोटो लावला. आई फोटोत रागावल्यासारखी दिसते, ते मला बरं वाटतं.

बदलीवर हिंडणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आम्ही शेवटच्या गावाचं नाव सांगतो. मी आता वेगळं सांगेन. माझ्यामुळे कुणाला काही शोधावं लागत नाही ते माझं घर. बेहालात ते आहे. मिरजेत ते अजून व्हायचं आहे.

वहिनी, कंबर टेकायला तुम्हाला मी पुण्यात यायची वाट बघावी लागू नये. मे महिन्यात माझी सुट्टी आहे आणि मी मिरजेला येते आहे. रत्नागिरीला बहिणीकडे जाणं तुमचं किती वर्षं राहून गेलंय. जायचं का, केव्हा, किती दिवस, ते तुम्ही ठरवा. तुम्ही घरीच राहून नुसतं झोपायचं म्हणालात तरी चालेल. जूनमध्ये मी कोलकात्याला परत जाणार, हे मात्र आधीच सांगते. या वेळी निघताना रडणार नाही असं नाही, पण स्टुलावर चढणार नाही.

आईचं काय, कसं, कुठल्या वेळी, ते मला सांगून जा. सांगाल तसं करीन. आणि परत आल्यावर चहा करायला उठाल तेव्हा हात नेहमीसारखा न बघता फळीवर न्या. साखर तुम्ही ठेवली होती तिथेच असेल.