वरचे तीन बोल्ट

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, ज्यांच्याशी दर रविवारी तासभर गप्पा होतात त्या रेडिओवरच्या दोस्तांजवळ तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुमची-माझी गाठ कधी पडायची नाही, म्हणूनच बहुतेक.

पण सुरुवात आभारांपासून करू द्या. ज्या माणसाशी मी वाईट वागलो, त्याचे उपकार आधी सांगितले नाहीत तर पुढचं सांगायला तोंडच उरणार नाही.

आमचं घर झाशीच्या प्रेम नगरात. कित्येक पिढ्या आम्ही इथलेच. बायको कानपूरची, मुलांना मराठीत काही विचारलं तर उत्तर हिंदीत येतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौसेनं बिनतारी बोलण्याचा, परवाना काढला तो एकाच लोभानं — घरबसल्या मराठी कानावर पडावी. रविवारी सकाळी पुण्याचे, नागपूरचे हौशी लोक हवेत जमतात. मी ‘गाडी चुकली’ऐवजी ‘गाडी छुटली’ म्हणालो की त्यांना आठवडाभर पुरतं. मला ती टिंगलसुद्धा गोड लागते.

हे सुख मला दिलं रामसेवकजींनी. सीपरी बाजारात त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. अँटेना ज्या दिशेला वळवावा तिकडचं नीट ऐकू येतं. म्हणजे खांब फिरता हवा, आणि फिरवून झाला की घट्ट बसायलाही हवा. त्यांनी मुमटीच्या, म्हणजे जिन्यावरच्या खोलीच्या, भिंतीला एक जाड पाइप उभा पक्का केला आणि त्यात अँटेनाचा बारीक पाइप सोडला. जाड पाइपाला खाली तीन भोकं, वर तीन. प्रत्येक भोकावर नट वेल्ड केलेला, नटातून बोल्ट. सहाही सारखे कसले की आतला पाइप मधोमध गच्च. सैल केले की एका हातानं फिरतो. इतकं साधं आणि इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. जाताना म्हणाले होते, "भैयाजी, जब भी घुमाओ, छहों कसके ही उतरना।"

छहों. सहाही. यात न समजण्यासारखं काय होतं?

खालचे तीन गच्चीवरून हाताला येत. वरच्या तिन्हींना शिडी लागे. आणि पुण्याशी बोलणं रंगात आलं की नेमका नागपूरवाला हाक मारायचा! मग पाना घ्या, शिडी चढा, सैल करा, वळवा, कसा, उतरा — आणि पुण्यासाठी पुन्हा तेच. वरचे तीन मी सैलच ठेवायला लागलो. आधी रविवारपुरते. मग सोमवारीही. मग कायमचेच. याला आळस म्हणतात, दुसरं काय?

पण आळस म्हणजे माझा गुन्हा नव्हे. तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

ज्येष्ठातल्या एका दुपारी आंधी आली. सगळा जोर खालच्या तीन नटांवर आला. एक नट वेल्डिंगपासून उखडला, खांब गरगर फिरला, पाइपाच्या तोंडाशी वाकून तुटला आणि अँटेना शेजारच्या मिश्रा चाचींच्या गच्चीवर आडवा झाला. चाची वाळत घातलेल्या वड्या गोळा करून नुकत्याच जिन्यात शिरल्या होत्या. दोन पावलं मागे असत्या तर? त्या दोन पावलांसाठी मी आजही देवाला हात जोडतो.

खाली आरडाओरडा सुरू झाला. लोक वर यायला मिनिटभर लागणार होतं. आणि त्या मिनिटात मी — मी शिडी चढलो. डोळ्यांत धूळ जात होती, तरी पाना बरोबर लागला. आत अडकून राहिलेल्या तुकड्यावर वरचे तीन बोल्ट मी कसून टाकले. एक, दोन, तीन. वर्षभर ज्याचा कंटाळा केला ते काम त्या दिवशी चटकन झालं.

हाच तो गुन्हा. सांगून झाला.

रामसेवकजी आले. पाइपाभोवती फिरले. एकेक बोल्ट हातानं तपासला. पाचही कसलेले, आणि त्यांनी वेल्ड केलेला एक नट तेवढा उखडलेला. त्यात शोधण्यासारखं काय उरलं होतं? बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत राहिले. मग सगळ्यांसमोर चाचींच्या पाया पडले. मी शेजारीच उभा होतो. पाना माझ्या खिशात होता.

त्यांनी खांब पुन्हा उभा केला, पहिल्याहून पक्का. पण उंचावरचं काम त्या दिवसापासून सोडलं. आमच्या मराठी मंडळींना गणपतीच्या सभागृहावर पत्र्याचं छप्पर हवं होतं, तेही त्यांनी नाकारलं. म्हणाले, हाताचा भरवसा राहिला नाही. पुढे दुकान बंद करून गावी, टहरौलीला गेले. तिथं खुरपी, विळे करतात.

गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. त्यांनी खाटेवर बसवलं आणि बायकोला बाहेर बोलावलं. म्हणाले, "यही हैं वो भैयाजी। हमसे इत्ती बड़ी गलती हो गई, फिर भी इन्ने दुबारा हमईं को बुलाओ। एक कड़वी बात नईं कही।" पुन्हा त्यांनाच बोलावलं, याबद्दल त्यांनी मला हात जोडले.

बसमध्ये जुळवलेली वाक्यं तेव्हाही पाठ होती. मी उलटे हात जोडले. वहिनींनी चुलीवरची गरम गकरिया, म्हणजे गव्हाची जाड रोटी, ताटात वाढली, वर तूप सोडलं, आणि मी ती खाल्ली.