दोघींची जन्मतारीख एक जून

एक जून ही काही माझी खरी जन्मतारीख नाही. आमच्याकडे निम्म्या माणसांची ती खरी नसते. पोराला शाळेत घालायला आणलं की आई सांगायची, "पोळ्याच्या आगंमागं झालं, गुर्जी." मग गुरुजी वय जुळवून एक जून टाकायचे. माझे वडील केदारखेड्याच्या शाळेत गुरुजी होते, त्यांनी माझीही तीच टाकली. हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरीही मी ती घाण करून ठेवली.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्यातल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी प्रोग्राम लिहायची. मालकांनी एका नर्सिंग कॉलेजच्या प्रवेशयादीचं काम घेतलं होतं. गावोगावचे अर्ज टाइप होऊन एक्सएमएल फायलींत यायचे. एक्सएमएल म्हणजे डब्यात डबे. अर्जाच्या मोठ्या डब्यात नाव, वडील, आई, जन्मतारीख, मार्क असे छोटे डबे, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. कोडात एक ओळ लिहून विचारायचं, अमुक मार्कांच्या वरच्या मुली दे, की त्या बाहेर. मला त्याचं कोण कौतुक! पण लोक धास्तीपोटी दोन-दोन ठिकाणी अर्ज भरायचे. "डबल नावं काढून टाक," मालक म्हणाले. मी लिहिलं: नाव, वडील, आडनाव, जन्मतारीख सारखी असेल तर पहिला अर्ज ठेव, बाकीचे सोडून दे. पाच मिनिटांत काम फत्ते. ऐट काय विचारता माझी!

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी धावड्याची एक मुलगी आईला घेऊन सेंटरवर आली. कॉलेजवाल्यांनी त्यांना आमच्याकडे पिटाळलं होतं.

"मॅडम, यादीत नाव माझंच हाय, पण अर्जाचा नंबर माझा न्हाई. ती आमच्या भावकीतली पोरगी हाय. तिच्या बापाचं नाव बी तेच."

"दोन-दोन अर्ज कशाला भरता गं तुम्ही?" मी खेकसले.

"एकच भरला, मॅडम. बिलकुल एकच."

आई मधेच बोलली, "औंदा नंबर न्हाई लागला तं हिचे चुलते थांबायचे न्हाईत, बाई. सोयरीक पाहून ठिवली त्यांनी."

मी फाइल उघडली. दोन अर्ज. नाव, वडील, गाव, आडनाव एक. आया वेगळ्या, मार्क वेगळे, आणि हिचेच जास्त. जन्मतारीख मात्र दोघींची एक जून, सालही तेच. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मनात स्वतःलाच म्हटलं, अगं, गुरुजीची पोर ना तू? आईचं नावही ताडून बघ, एवढी एक अट घालायला काय धाड भरली होती? ती घातली आणि हिचं नाव यादीत आलं. सोबत आणखीही काही नावं आली. ती मोजायची माझी छाती झाली नाही.

कॉलेज पाचला बंद व्हायचं. मालक म्हणाले, "यादीवर सह्या झाल्यात. आता चूक कबूल केली तं पुढचं काम गेलं, अन् तुझी नोकरी बी." मी हातापाया पडले, भांडले, रडलेसुद्धा. शेवटी मालक "तुझं तू बघ" म्हणाले, तशी मी नवी यादी छापली आणि माय-लेकींना रिक्षात घालून कॉलेज गाठलं.

त्या दोघी बाहेर बाकावर बसल्या. आतल्या क्लार्कने यादी उलटीपालटी केली. "कॉम्प्युटर चुकत असतो व्हय? बरं, लिहून द्या. चूक कोणाची, नाव, सही. लगेच सायबाकडं नेतो. जल्दी करा." घड्याळात पावणेपाच झाले होते.

मी लिहिलं, 'तांत्रिक बिघाडामुळे सदर नाव सुटले आहे.'

त्याने कागद परत सरकवला. "बिघाड काय सही करतो का, बाई? माणसाचं नाव पायजे."

पेन माझ्याच हातात होतं. 'माझ्याकडून' एवढा एक शब्द लिहायचा होता. पण ही नोकरी गेली तर जालन्यात दुसरी कोण देणार, हेच डोक्यात घुमत होतं. मी म्हणाले, मालकांना विचारते. तिथल्याच फोनवरून लावला, कुणी उचलेना. परत लावला. परत. आज खरं सांगते, पाच कधी वाजतात याचीच मी वाट बघत होते.

पाच वाजले. क्लार्कने कपाटाला कुलूप घातलं.

बाहेर आले तशी मुलगी उठून उभी राहिली. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"कॉम्प्युटरची चूक होती गं," मी म्हणाले. "आता काही होत नाही."

आईने तोंडाला पदर लावला. मुलीने मात्र पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले.

"लई पळापळ केली तुम्ही माझ्यासाठी, मॅडम," ती म्हणाली. "परक्यासाठी कोन करतं एवढं?"