खुर्चीखालच्या चपला

पेंटरकाकांनी उभा जन्म रेकॉर्डची कव्हरं रंगवण्यात घालवला. रेकॉर्डी गेल्या, काका राहिले. आणि आता रेकॉर्डी पुन्हा निघू लागल्यावर कुठली कोण मुलगी नव्या रेकॉर्डचं कव्हर त्यांच्या टेबलावर ठेवून समोर बसली होती, नि काकांचं डोकं चालेनासं झालं होतं.

काकांच्या जुन्या कव्हरावरची तीच पिवळी भिंत, तीच वेताची खुर्ची, पाठीवर तीच लाल शाल. फरक एवढाच, काकांची खुर्ची रिकामी होती आणि हिच्या खुर्चीत एक बाई बसली होती.

"ही चोरी आहे," काका म्हणाले. मग लगेच, "की नाही?"

"काका, हा तुम्हाला मान आहे. बघणाऱ्याला तुमचं कव्हर आठवावं म्हणूनच तसं केलंय. तुम्ही नको म्हणालात तर आजच छपाई थांबवते."

आली का पंचाईत! रागवावं तर पोरगी गोड बोलतेय, खूश व्हावं तर आपल्याला कुणी लुबाडल्यासारखं वाटतंय. तशी काकांनीही परक्या कव्हरांवरून कमी उचलेगिरी केली नव्हती. पण ती स्वतःची, म्हणून वेगळी.

"मग बाई कशाला बसवलीस?"

"तुमच्या खुर्चीखाली बायकी चपला होत्या ना! चपला आहेत म्हणजे कुणीतरी बसलेलं असणार. मी तिला परत बसवलं, बस."

काकांनी कपाटातून जुनं कव्हर काढलं. खरंच, चपला होत्या! इतक्या वर्षांत त्यांना दिसल्याच नव्हत्या. तेव्हा गायिका आलीच नाही, म्हणून त्यांनी बायकोला बसवून चित्र काढलं. रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले, "ही कोण? पुसा हिला." काकांनी निमूटपणे तिच्यावर रंग चढवला. घाईत चपला तेवढ्या राहून गेल्या.

तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. दोन्ही कव्हरं बघून हरखल्याच.

"अगं, चपला माझ्या! मला चित्रातून पुसावं लागलं, तरी ह्यांनी चपला मुद्दाम राखल्या. साहेबांच्या नाकावर टिच्चून! तेव्हापासून मी कधी बोलले नाही, पण मनात ठेवलंय हो."

चपला तर घाईत राहिल्या होत्या! खरं सांगावं? गप्प बसावं?

"काका, छापू?" मुलीने विचारलं.

"छाप," काका म्हणाले. काकूंकडे मात्र त्यांना बघवेना.