भावजींचा हात आणि निळा दिवा

आमचे भावजी दातांचे डॉक्टर आहेत, पण त्यांचं खरं काम बोलणं. दात ते अधूनमधून बघतात. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. त्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर मी बसते, फोन घेते, कोणाला आत सोडायचं ते ठरवते, आणि आतलं सगळं ऐकते. त्यासाठी दाराला कान लावावा लागत नाही, भावजींचा आवाज दाराला जुमानतच नाही. माझी जाऊ शाळेत शिकवते. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी आली की तिला नवऱ्याचा शब्दही नको असतो. मग भावजींच्या पोटात साठलेल्या सगळ्या गोष्टी खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसासमोर बाहेर पडतात. त्याच्या तोंडात कापूस, नळी आणि आरसा असतो, त्यामुळे मध्ये बोलायची त्याची टाप नसते.

आणि माणसं येतात हो, रांग लावून येतात. दुसऱ्या डॉक्टरकडे पाय ठेवताना कापणारी बाई आमच्याकडे हसत आत जाते. लहान पोरं रडत नाहीत. एका आजोबांनी तर एकही दात उरला नसताना वेळ मागितली होती. मी विचारलं, कशाला? तर म्हणाले, त्या शेळीचं पुढे काय झालं ते ऐकायचंय.

आता दात भरणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कीड साफ केली की खड्ड्यात दाताच्या रंगाचा मऊ मसाला भरतात, मळलेल्या कणकेसारखा. तो आपोआप वाळत नाही. त्यावर निळा दिवा धरावा लागतो. पेनाएवढं यंत्र असतं, टोकातून निळा झोत पडतो, तो मसाल्यात शिरला की मसाला दगडासारखा होतो. झोत फार खोल जात नाही, म्हणून मसाला पातळ थरांनी भरायचा आणि दर थराला दिवा द्यायचा. ठरलेला वेळ झाला की यंत्र टुंग करतं. हे सगळं भावजींनीच मला शिकवलंय, हातवारे करून, चहा सांडत.

आमच्याकडे भरलेले दात परत यायचे. सगळे नाही, पण यायचे. माणूस टेबलाशी उभा राहायचा, रुमालात गुंडाळलेला तुकडा दाखवायचा आणि म्हणायचा, "निघालं." भावजी तुकडा उजेडात धरायचे आणि खापर त्या माणसावर फोडायचे. तुम्ही पेन चावता. तुम्ही झोपेत दात खाता. तुमची लाळच वाईट आहे. माणूस बिचारा मान खाली घालून परत खुर्चीत बसायचा आणि नवी गोष्ट ऐकून खूश होऊन जायचा. इतकी वर्षं मला वाटायचं की शर्टाची बटणं तुटतात तशी दातातली भरणंही निघतातच, त्यात काय एवढं.

भावजींची लेक, आमची बारकी, दातांची डॉक्टर होऊन घरी आली तेव्हा भावजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिच्यासाठी त्यांनी शेजारची खोली घेतली, रंग दिला, दुसरी खुर्ची बसवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती खुर्ची वरखाली करून दाखवली. बारकी मात्र खुर्चीकडे बघून नुसती "छान आहे" म्हणाली. मला खटकलं. दोन दिवसांनी कळलं की दुसऱ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्याने तिला बोलावलंय आणि दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारपर्यंत तिला हो की नाही कळवायचंय. भावजींना हे तिने सांगितलं तेव्हा ते हसून म्हणाले, "नाही म्हणून टाक." तिने विषयच बदलला. ते भावजींना चांगलंच लागलं असणार, कारण त्या दिवशी त्यांनी एका माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगितली.

त्यात आमच्या विदुषीने मैत्रिणींसोबत बाटलीचं झाकण दाताने उघडलं. पाच वर्षं दातांचं शिक्षण घेतलेल्या मुलीने. पुढच्या दाताचा कोपरा उडाला. ओरडावं की हसावं मला कळेना, पण भावजींना आनंद झाला. म्हणाले, "चल, बस खुर्चीत, आत्ता करतो." तिने टाळाटाळ केली, तरी त्यांनी तिला बसवलंच, आरसा घातला, आणि सवयीने बाकीच्या तोंडातही फिरवून आणला. मग त्यांचा हात थांबला.

"ही खालची दाढ," ते म्हणाले. "ही मी भरली होती. तू शाळेत असताना."

बारकीने डोळे मिटले.

"हे काम माझं नाही," भावजी म्हणाले.

आता आपण आपलं अक्षर ओळखतो तसं हे लोक आपलं काम ओळखतात. बारकी उठून बसली, तोंड पुसलं आणि सांगून टाकलं. कॉलेजात एकमेकांचे दात तपासताना तिच्या वर्गातल्या मुलाने ती दाढ उघडली होती. वरचं कवच कडक, आणि खाली मसाला मऊ, टोचलं की सुई आत जात होती. त्याने काढून नवा भरला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही माझी लाळ वाईट आहे म्हणाला असता."

मला हसू आवरेना, म्हणून मी बाहेर जाऊन फोन उचलला. फोन वाजलाही नव्हता.

पुढचे दोन दिवस भावजी फुगून बसले. दिवाच जुना होता. तेव्हा वीज कमी दाबाने यायची. मसाला खराब आला होता. असं काहीबाही ते भिंतीला ऐकवत होते. शेवटी बारकी वैतागली. "दिवा तोच आहे ना? मग बघूया त्याचा काय गुन्हा आहे." तिने जाड मण्याएवढी धातूची नळी आणली, प्लास्टरच्या जबड्यात दाढेच्या जागी बसवली, मसाल्याने भरली आणि स्वतः दिवा धरला. टुंग झाल्यावर नळी काढून खालच्या बाजूने पातीने खरवडलं. थोडासा चुरा निघाला, बाकी कडक. दिवा निर्दोष सुटला.

"आता तुम्ही करा. पण नेहमीसारखं. काकूला गोष्ट सांगत."

माझ्या हातात तिने तिचा मोबाईल दिला आणि चित्रण चालू करून, जबडा आणि भावजी दोन्ही दिसतील असा लांबून धरायला सांगितलं. भावजींनी शेळीची गोष्ट सुरू केली. एका पोलिसाच्या मागे चार मजली जिन्यावर शेळी लागते, अशी ती गोष्ट आहे. मी शंभरदा ऐकली असेल, तरी ऐकत राहिले. टुंग झालं. बारकीने खरवडलं, तर खालून चघळलेल्या गोळीसारखा चिकट मसाला येतच राहिला. वर पातळ कवच तेवढं उरलं. टोकाने वरून टोचलं तर ते टणक लागत होतं, आणि भावजी वर्षानुवर्षं नेमकं तेवढंच टोचून समाधान मानत आले होते.

मग आम्ही मोबाईलमध्ये बघितलं. पोलीस जिना चढायला लागला की भावजींचा दिवा जबड्यातून वर उठायचा. शेळी वळली की दिवा गालाकडे. पोलीस घसरला तेव्हा निळा झोत थेट माझ्या चपलेवर पडला होता. आणि भावजींचे डोळे एकदाही दाढेवर नव्हते, पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडे होते, मी हसतेय का ते बघत. निळ्या झोतापासून डोळे वाचवणारा नारिंगी काचांचा चष्मा कपाळावर चढवलेला. दिवा जवळ, सरळ आणि स्थिर धरायचा असतो, हे त्यांनी मला चहा सांडत शिकवलं होतं. अहो, त्या चहावरूनच मला कळायला हवं होतं.

मी हसले. पोट धरून हसले. भावजींकडे बघितलं आणि थांबले. त्यांचं तोंड पार उतरलं होतं. त्यांनी परत एकदा ते चित्र लावलं, आवाज बंद करून बघितलं, आणि मोबाईल बारकीकडे देऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले.

बारकी म्हणाली, पण आवाज चढवून नाही, "म्हणून मला इथे बसायचं नाहीये, बाबा. तुमची माणसं तुकडा घेऊन माझ्याकडे येणार. त्यांना मी काय सांगू? पेन चावता म्हणून? खोटं बोलायचं नाही, आणि तुमचं नाक कापायचं नाही. दोन्ही जमणार नाही मला."

ती गेल्यावर भावजी माझ्यासमोरच्या बाकावर बसले, पेशंट बसतात तिथे.

"वहिनी, मला घाबरलेलं माणूस बघवत नाही," ते म्हणाले. "पहिल्यापासून. कोणी तोंड उघडून डोळे विस्फारले की माझेच हातपाय गार पडतात. बोलत राहिलं की बरं वाटतं."

"त्यांना?"

"मला."

इतक्या वर्षांत हे मला कळलं नव्हतं. मला वाटायचं, बोलण्याची हौस आहे, तोंडाचा पट्टा आहे, देवाने दिलाय आणि बंद करायचं बटण द्यायला विसरलाय. माझा जीव कळवळला. पण मी तशी बोलून दाखवणारी नाही. मी म्हटलं, "मग घाबरा थोडं. मरत नाही कोणी."

दुसऱ्या दिवसापासून भावजी मौनात. मेली काय अवस्था झाली दवाखान्याची. एक बाई अर्ध्यातून बाहेर आल्या आणि मला कानात विचारलं, "डॉक्टर बोलत नाहीयेत. काही गंभीर निघालंय का माझ्या दाढेत?" एक ट्रकवाला, दरवाजातून आडवा आत जाणारा गडी, खुर्चीत बसला, आजूबाजूची शांतता ऐकली आणि उठून सरळ चालता झाला. एका पोराने भावजींचं बोट चावलं. भावजी घामाघूम. मी आत डोकावले तर चष्मा डोळ्यांवर, नजर दाढेवर, दिवा जवळ आणि सरळ, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की जणू आत कोणाला कोंडून ठेवलंय.

हळूहळू त्यांनीच त्यातून वाट काढली. मसाला भरेपर्यंत बोलायचं. दिवा लागला की वाक्य जिथे असेल तिथे सोडून द्यायचं, टुंग झालं की तिथूनच पुढे. पोलीस एक पाय हवेत ठेवून थांबायचा. लोक वैतागले, पण खुर्चीत टिकले. आणि भावजींनी आणखी एक केलं, ते मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. गेल्या काही महिन्यांत ज्यांचे दात भरले होते त्यांना ते स्वतः फोन करायला लागले. "तुमची चूक नव्हती, माझी होती. येऊन जा, परत भरतो." पलीकडचे लोक गोंधळून जायचे. एकाने तर विचारलं, हे म्हातारपणामुळे होतंय का. भावजी म्हणाले, असेल.

बारकी हे सगळं बघत होती. मुदतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी तिला म्हटलं, अगं, बाप सुधारतोय. तर म्हणाली, "काकू, मी समोर आहे म्हणून सुधारताहेत. मी बघत नसेन तेव्हा काय?" दाताचा कोपरा अजून तसाच उडालेला होता, आणि तो मैत्रिणीकडून करून घ्यायचं तिने ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी भावजींनी तिला विचारलंही नाही. खुर्ची पुसली, सामान लावलं आणि नुसते उभे राहिले. बारकी दारात. मी टेबल सोडून आत आले, म्हटलं आज फोन गेला खड्ड्यात. तिने आधी मांडलेल्या सामानावरून नजर फिरवली. मग आली आणि आडवी झाली. मी तिच्या डोळ्यांवर नारिंगी चष्मा चढवला, तिने डोळे मिटून घेतले.

भावजी एक शब्द बोलले नाहीत. पहिला थर लावला, दिवा दिला. टुंग. दुसरा थर लावला, दिवा दिला. निळ्या झोताकडे बघू नये म्हणून मी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. टुंग झालं. थर कडक दिसत असणार, वरून टोचला असता तर टणकही लागला असता. तिचे डोळे मिटलेले, माझी पाठ. त्यांनी तिसरा थर लावला असता तर या जगात कोणाला कळणार होतं?

"थांब," भावजी म्हणाले.

मी वळले. त्यांनी चष्मा काढून बाहीने डोळे पुसले, आणि परत घातला.

"मला मधे दिसेनासं झालं," ते म्हणाले. "हात हलला असेल माझा. या थराला परत दिवा देतो."

बारकीने डोळे उघडले. चष्म्यामागून बापाकडे बघितलं. ओठ कापसावर ताणलेले, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. खिशातून तिने मोबाईल काढला, पडल्या पडल्या अंगठ्याने दोन शब्द टाईप केले आणि माझ्या हातात दिला. तिकडच्या दवाखान्याला निरोप होता. "येत नाही." मी तो तसाच पाठवून दिला, तिचं मन बदलायच्या आत.

भावजींना यातलं काही दिसलं नाही. ते दिवा जवळ नेऊन, सरळ धरून, श्वास रोखून उभे होते. बारकीने तोंड आणखी मोठं उघडलं.